परधानाच्या तोंडून : रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांची जीवनकथा



माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा स्टेशनवर माणसांची रीघ लागते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक राज्यांतून गोंड बांधव आपल्या जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहेकडे येतात. ही यात्रा कशाची, आणि आपल्या ख्रिस्ती लोकांचा तिच्याशी काही संबंध आहे काय, असे आपल्यातील काही जणांनी आम्हाला विचारले. यात्रा त्यांची आहे, श्रद्धा त्यांची आहे. पण त्या गुहेच्या कथेशी एका ख्रिस्ती माणसाचे नाव जोडलेले आहे. तो माणूस आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचा नव्हता, तरी त्याची ओळख आपल्याला असावी असे आम्हाला वाटते.

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. आपल्या धर्मग्रामातील कित्येक मुले तेथे शिकली. ज्यांच्या नावाने ते १८८३ मध्ये सुरू झाले ते स्टीफन हिस्लॉप ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या छोट्या गावी जन्मले. आपल्या पवित्र मारियेच्या जन्मोत्सवाचा तो दिवस, पण त्या घरात हा सण पाळला जात नसणार! कारण स्टीफनचे थोरले बंधू अलेक्झांडर यांनी पुढे आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेवर कडक टीका करणारे एक पुस्तक लिहिले. त्यातील मजकूर अजूनही कोणी कोणी छापून वाटत असतो. एकाच आईबापाच्या दोन मुलांपैकी एकाने न पाहिलेल्या लोकांविषयी ठाम निवाडे लिहिले आणि दुसऱ्याने आयुष्य अनोळखी लोकांचे ऐकण्यात घालवले. असो.

हिस्लॉप १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपूर-कामठी भागात आले. मद्रास सैन्यातील हिल नावाच्या एका अधिकाऱ्याने दिलेल्या देणगीतून हे मिशन उभे राहिले होते. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते, रेल्वे नव्हती. ती नागपूरला १८६७ मध्ये पोहोचली, आणि आपल्या गोंदिया भागातून तर त्याच्याही पुढे कितीतरी वर्षांनी गेली. याच सुमारास आपले संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे फादर सव्हॉय भागातून भारतात येऊ लागले होते. तेव्हा दोन्ही बाजूंचे मिशनरी एकमेकांकडे फारशा प्रेमाने पाहत नसत. आज आपण त्यांच्याकडे निवांतपणे पाहू शकतो.

हिस्लॉप मराठी शिकले, बाजारात उभे राहून बोलले, १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. सोबतीला रॉबर्ट हंटर हे सहकारी होते. दोघांना दगडधोंड्यांचा विलक्षण नाद. नागपूरजवळ त्यांनी पुराणकाळच्या वनस्पतींचे आणि कीटकांचे अवशेष शोधून काढले आणि त्यावर निबंध लिहिले. 'हिस्लोपाइट' या खनिजाला त्यांचेच नाव आहे. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना हे अधिक समजेल.

आपला विषय मात्र गोंडांचा. नागपूरच्या पूर्वेला आणि उत्तरेला पसरलेल्या डोंगररानात हे लोक राहत. तेथे जाणे म्हणजे काय होते, याचा धडा ताजा होता. हिस्लॉप येण्याच्या दोन-तीन वर्षे आधी काही जर्मन मिशनरी अमरकंटकजवळ करंजिया येथे गोंडांमध्ये राहण्यास गेले होते. थोड्याच महिन्यांत त्यांतील बहुतेक जण रोगाने दगावले. भक्ती कमी होती म्हणून नव्हे, त्या रानातले पाणी आणि हवा त्यांना मानवली नाही. हिवाळ्यात बैलगाडीने किंवा घोड्यावरून दौरा शक्य असे. पावसाळ्यात नाले भरले की चार महिने रान बंद. शिवाय शाळा सोडून वर्षभर कोठे जाणार?

मग जेथे आपण पोहोचत नाही तेथे काय पाठवायचे? पुष्कळांना सुचते ते म्हणजे पुस्तक. ते चुकीचे नाही. आपल्या नागपूरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांनीही तेच केले. १५९४ पासून शाब्ले प्रांतात लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा त्यांनी पत्रके लिहून घरोघर पोहोचवली, दाराखालून सरकवली. म्हणूनच १९२३ मध्ये ते लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरले. एका अर्थाने आपले हे रविवारचे चार पानांचे पत्रकही त्यांच्याच वंशातले. पण शाब्लेचे लोक वाचू शकत होते. गोंडी भाषा मुखातून मुखात चालत होती. तेथे छापील पान काय करणार?

हिस्लॉप यांनी उलट दिशेने काम केले, आणि आमच्या मते हेच त्यांचे मोठेपण. गोंडांमध्ये परधान नावाचा भाट समाज आहे. परधान हा गोंड घराण्यांच्या देवांची आणि पूर्वजांची गाणी गातो, यजमानाच्या दारी जातो आणि त्याच्याकडून दान घेतो. म्हणजे रानातील वस्त्यांवर ज्याला दार नेहमी उघडे असे माणूस आधीपासूनच होता. हिस्लॉप यांनी नागपूर परिसरातील परधानाकडून गोंडांचे मोठे गीत ऐकले. गोंडी शब्द रोमन लिपीत उतरवले आणि त्यांना शब्दाला शब्द लावून इंग्रजी अर्थ लिहिला. हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना करावी. गाणारा थांबत नाही, कारण थांबला तर त्याला पुढची ओळ आठवत नाही. लिहिणारा तर प्रत्येक शब्दाला अडतो.

ते गीत लिंगोचे होते. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले, तोंडावर मोठा दगड बसवला. चौघे निसटले आणि काचीकोपा लोहागड येथे राहू लागले. लिंगोने त्यांना शेती शिकवली, विस्तव आणून दिला, तरीही त्यांनी त्याला ठार केले. लिंगो पुन्हा जिवंत झाला आणि ज्यांनी मारले त्यांच्याच भाऊबंदांच्या सुटकेसाठी महादेवाकडे गेला. कठीण कसोटी पार केली, गोंड सुटले, मग त्याने त्यांची घराणी लावून दिली. गोंड बांधव काचीकोपा लोहागड म्हणजेच आपले कचारगड मानतात. येथे आज सांगितली जाणारी कथा थोडी वेगळी आहे. तीत हिरासुका नावाचा गायक आपल्या वाद्याच्या नादाने शिळा हलवतो आणि तिच्याखाली स्वतः सापडतो.

ही कथा वाचताना ख्रिस्ती वाचकाला लगेच काही आठवते. मारलेला पुन्हा उठतो, मारणाऱ्यांच्या लोकांना सोडवतो, दगड बाजूला होतो. येथे आम्ही थोडे सावध करू इच्छितो. हे आपल्याच सुवार्तेचे अर्धवट रूप आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते गोंडांवर अन्याय करणारे आहे. ती त्यांची कथा आहे आणि तिचा अर्थ ते सांगतील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करण्यास शिकवले, ते अशाच ठिकाणी उपयोगी पडते. संत पौलाने श्रद्धा ऐकण्यातून येते असे रोमकरांस लिहिले. आम्हा धर्मगुरूंची खोड अशी की ऐकायचे ते दुसऱ्यांनी, बोलायचे ते आम्ही, असाच त्याचा अर्थ लावतो.

हिस्लॉप यांना थोर ठरवताना सगळेच गोड सांगावे असे नाही. त्यांच्या लेखनात त्या काळच्या गोऱ्या माणसाचे पूर्वग्रह आहेत. त्यांनी गोंडी गीत लिहिले ते इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी. रानातल्या गोंडाच्या हाती त्यातून त्या वेळी काही पडले नाही. आणि मिशनरी म्हणून मोजायचे झाले, तर कचारगडच्या डोंगरात त्यांच्यामुळे काही मंडळी उभी राहिली असेही नाही.

१८६३ च्या पावसाळ्यात ते नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथे गेले. तेथे प्राचीन दगडी वर्तुळे आहेत. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल हेही सोबत होते. जवळच्या बोरी गावातील शाळा पाहण्यासाठी हिस्लॉप मागे थांबले. परतताना नाला पावसाने फुगला होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी त्यात ते बुडाले. सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. आपल्या भागातील नाल्यांना कमी लेखू नये हे आम्ही दरवर्षी सांगतो, ते उगाच नव्हे.

घरी कागदांचा ढीग राहिला होता. गीताची वही अपुऱ्या टिपणांत होती. ते कागद टेंपल यांनी लावून घेतले आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचे कागद म्हणून प्रसिद्ध केले. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा लिंगोच्या कथेसाठी त्यांना हिस्लॉप यांच्याच कामाकडे जावे लागले. आज गोंड समाजाचे स्वतःचे लेखक, संशोधक आहेत. ते या जुन्या पाठातील चुकाही दाखवतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. २०२० च्या टाळेबंदीत चर्च बंद होते, तेव्हा आपण मोबाईलवर मिस्सा ऐकला आणि दूरच्या कुटुंबांना प्रवचने पाठवली. त्यानंतरही पावसाळ्यात रस्ता तुटला की आम्ही तेच करतो. सगळे इकडून तिकडे जाते. तिकडून फार तर हात जोडलेले चित्र येते. तेव्हा येत्या जून ते सप्टेंबर या काळात आमची विनंती अशी की, ज्या वस्त्यांवर आम्हाला जाता येत नाही तेथील आजी-आजोबांनी त्यांच्या घरात काय चालले आहे ते आपल्या बोलीत, गोंडी असो की झाडीबोली, पाच मिनिटे बोलून पाठवावे. रविवारी मिस्सानंतर ते सर्वांना ऐकवले जाईल. मोबाईल हाताळण्यास मदत करू शकतील अशा तरुणांनी आपली नावे पुढच्या रविवारपर्यंत सॅक्रिस्टीत द्यावीत.