भाऊ दाजी लाड आणि राणीच्या बागेतील संग्रहालय

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत येणाऱ्या कुटुंबांची पावले बहुधा प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे वळतात. (‘बाग’ हा शब्द मराठीत दोन्ही लिंगांत चालत असल्यामुळे कोणी तिला राणीची बाग म्हणते, कोणी राणीचा बाग, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे अधिकृत नाव बोलण्यात क्वचितच येते.) त्याच आवाराशी लागून मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय उभे आहे. १९७५ पर्यंत ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय होते. त्या वर्षी त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. प्रस्तुत पाठात आपण या व्यक्तीचा परिचय करून घेणार आहोत. विद्यार्थी मित्रहो, हे चरित्र वाचताना एक प्रश्न सतत मनाशी बाळगावा: लोकांपुढे मांडलेला संग्रह नेमका कोणाच्या मालकीचा असतो?

प्रथम नावाविषयी. त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरात त्यांना ‘भाऊ’ म्हणत आणि वडिलांना ‘दाजी’. घरातील ही दोन संबोधने एकत्र येऊन त्यांचे सार्वजनिक नाव बनले, आणि पुढे ज्ञानपत्रिकांमधील इंग्रजी शोधनिबंधांवरही तेच छापले गेले. एकोणिसाव्या शतकातील मराठी व्यक्तिनामांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी या उदाहरणाची नोंद करून ठेवावी.

लाडांचे घराणे गोमंतकातील. घरची स्थिती बेताची; कुटुंबाचा उदरनिर्वाह मातीच्या बाहुल्यांच्या विक्रीवर चाले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. मुलाची बुद्धिबळातील चमक एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आली आणि त्याच्या आग्रहामुळे वडिलांनी मुलाला इंग्रजी शिक्षण दिले, असेही सांगितले जाते. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते तेथेच अध्यापन करू लागले. काठेवाडातील बालिकाहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. त्यानंतर शिक्षकाची नोकरी सोडून ते नव्याने निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. प्रौढपणी पुन्हा विद्यार्थी होणे म्हणजे काय, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

वैद्यकीने त्यांना पैसा आणि लौकिक दोन्ही दिले. गरिबांवर ते विनामूल्य उपचार करीत. कुष्ठरोगावर देशी वनस्पतींपासून औषध सिद्ध करण्याचा त्यांचा प्रयत्न विशेष गाजला. परंतु दवाखान्याच्या चार भिंतींत रमणारा हा मनुष्य नव्हता. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस झाले आणि कंपनी सरकारच्या कारभाराविरुद्धची गाऱ्हाणी ब्रिटिश संसदेपुढे नेणाऱ्या अर्जाच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. मुलींच्या शाळा चालविणाऱ्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे त्यांनी अध्यक्षपद भूषविले. १८५३ मध्ये विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांतही भाऊ दाजी होते.

संग्रहालयाच्या कथेचा आरंभ मात्र सरकारी आहे. १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनासाठी या इलाख्यातील कच्चा माल व कारागिरीचे नमुने जमविण्यात आले आणि त्यांतूनच कोटातील टाउन बराकीत एक आर्थिक वस्तूंचे संग्रहालय सुरू झाले. येथील कापूस, धान्ये, तेलबिया, लाकूड, धातुकाम यांचा व्यापाराला काय उपयोग, हे दाखविणे हा त्याचा हेतू होता. १८५७ च्या उठावाचे वारे पसरताच लष्करी अधिकाऱ्याने बराक रिकामी करण्याचा हुकूम दिला. वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांतील पुष्कळशा नष्ट झाल्या. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातील हा सर्वांत बोलका प्रसंग आहे. सरकारने जमविलेला संग्रह सरकारच्याच एका हुकुमाने रस्त्यावर येऊ शकतो, हे शहराने तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

पुढील वर्षी राणीच्या नावाने स्मारक उभारण्याचा विचार मुंबईत सुरू झाला, तेव्हा वस्तुसंग्रहालय व वनस्पतिउद्यान हेच ते स्मारक असावे असे ठरले. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासमवेत भाऊ दाजी समितीचे चिटणीस म्हणून काम पाहू लागले. वर्गणी नागरिकांकडून जमवावयाची होती. नाना शंकरशेट, डेव्हिड ससून यांसारखे धनिक पुढे आले. कंपनीविरुद्ध अर्ज करणारा मनुष्य राणीच्या स्मारकासाठी झटतो, यात विसंगती आहे काय? त्या पिढीला ती जाणवत नव्हती. राज्यकर्त्यांकडे न्याय मागणे आणि त्यांच्याच नावाने लोकोपयोगी संस्था उभ्या करणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी सुखाने नांदत. आजच्या मापाने त्यांना मोजण्याची घाई आपण करू नये. मात्र ही गोष्ट नजरेआड करणेही योग्य नाही.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. त्याच वर्षी महाराज लायबल खटल्यात भाऊ दाजींनी करसनदास मुळजी यांच्या बाजूने साक्ष दिली. एका धर्मगुरूच्या रोगाविषयी डॉक्टर म्हणून जे ठाऊक होते ते त्यांनी भर न्यायालयात सांगितले. अशा साक्षीची किंमत एखाद्या वैद्याला किती द्यावी लागू शकते, याची कल्पना करणे अवघड नाही.

याच काळात त्यांचे संशोधनही भरास आले होते. गिरनारजवळील रुद्रदामन् व स्कंदगुप्त यांचे लेख, अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख, कालिदासाचा काळ, आर्यभट व वराहमिहिर यांचे ग्रंथ हे त्यांच्या लेखनाचे विषय. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला त्यांनी १८६१ मध्ये मुंबईस आणले, लेख उतरवून घेण्यासाठी देशभर पाठविले आणि त्यातून पुढे एक स्वतंत्र प्रज्ञेचा पुराभिलेखज्ञ घडला. आजच्या संशोधकांनी त्यांची काही वाचने दुरुस्त केली आहेत. शास्त्राची वाटचाल अशीच होत असते.

त्यानंतर १८६५ साल उजाडले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला आलेला सोन्याचा भाव युद्ध संपताच कोसळला, शेअरबाजार बुडाला आणि त्याबरोबर भाऊ दाजींची संपत्तीही गेली. संग्रहालयाचे बांधकाम पैशांवाचून रखडले. दात्यांचीच घरे बुडाली असता वर्गणी कोठून यावी? अखेर सरकारी मदतीने इमारत पूर्ण झाली आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी खुली करण्यात आली. मधल्या वर्षांत, १८६९ व १८७१ मध्ये, भाऊ दाजींना शहराच्या शेरीफपदाचा, म्हणजेच नगरपालपदाचा मान मिळाला. परंतु प्रकृती ढासळत चालली होती. अर्धांगवायूने ग्रासलेल्या अवस्थेत ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेली हस्तलिखिते पुढे एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेकडे आली.

संग्रहालय त्यांच्यामागे वाढत गेले. भायखळा-परळच्या परिसरात गिरण्या उभ्या राहिल्या आणि उद्यानाला, पर्यायाने संग्रहालयालाही, कामगार वस्तीचा शेजार मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी सर जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्याकडे संग्रहालयाची धुरा आली आणि व्यापारी नमुन्यांच्या या भांडाराला कलासंग्रहाचे रूप येऊ लागले. पुढे ते महानगरपालिकेच्या ताब्यात राहिले व दीर्घकाळ दुर्लक्षित झाले. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन त्याच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार लाभला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. त्यानंतर सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट यांसारख्या आजच्या चित्रकार-शिल्पकारांना तेथील जुन्या वस्तूंशी संवाद साधणारी प्रदर्शने भरविण्यासाठी पाचारण करण्यात आले.

आपणांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी हे संग्रहालय अवश्य पाहावे आणि वरच्या मजल्यावरील दालनात थोडा वेळ थांबावे. मुंबईतील नाना जातिजमातींची माणसे, त्यांची पागोटी, वेशभूषा आणि व्यवसाय तेथे लहानलहान मातीच्या आकृत्यांतून दाखविलेले आहेत. भाऊ दाजींच्या वडिलांच्या बाहुल्यांपैकी एखादी शिल्लक असती, तर तिची जागा याच कपाटात असती.