खानखानान रहीम आणि बऱ्हाणपूरचे पाणी

शाळेतील हिंदीच्या पुस्तकामुळे रहीमचे दोहे आपल्या परिचयाचे असतात. परंतु हा कवी मोगलांचा सेनापती होता, आणि त्याच्या कारकिर्दीत बऱ्हाणपूरला मिळालेले पाणी इंधनाचा कणही न जाळता चार शतके वाहत आले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ऊर्जेच्या बचतीचा विचार करताना त्याचे स्मरण उचित ठरेल.

अब्दुल रहीम यांचा जन्म १५५६ मध्ये लाहोरला झाला. वडील बैरामखान १५६१ मध्ये पाटण येथे मारले गेले, तेव्हा रहीम अवघे चार वर्षांचे होते. अकबराने त्यांचा सांभाळ केला. १५८४ मध्ये गुजरातची मोहीम जिंकल्यावर त्यांना खानखानान हा किताब मिळाला. १५८९ मध्ये त्यांनी बाबराच्या आत्मचरित्राचा फारसी अनुवाद पूर्ण केला. पुढे दक्षिणेच्या सुभेदारीमुळे आयुष्याचा मोठा काळ बऱ्हाणपुरात गेला.

लष्करी छावणीमुळे शहर वाढले आणि पाण्याची ददात भासू लागली. १६१५ च्या सुमारास तब्कुतुल अर्ज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इराणी भूगर्भज्ञाने भूमीची पाहणी केली. सातपुड्यातून झिरपून तापीकडे जाणारे पाणी भूगर्भातच अडवावे, बोगद्याने एकत्र करावे आणि उताराने शहरात आणावे, अशी ही योजना होती. बोगद्यावर ओळीने खोदलेल्या विहिरींना कुंडी म्हणतात. त्यावरून कुंडी भंडारा हे नाव पडले.

मोटेने पाणी उपसायचे तर बैल, माणसे आणि वैरण लागते. आजच्या हिशेबाने एक लाख लिटर पाणी पंचवीस मीटर वर चढवायला, पंपातील तूट न धरताही, सुमारे सात युनिट वीज खर्ची पडते. हा रोजचा खर्च येथे उताराने वाचविला. रहीम यांचा प्रतिस्पर्धी मलिक अंबर यानेही त्याच दशकात खडकी, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, अशीच नहर आणली. बीदरचे भुयारी कारेझ तर बहमनी काळचे मानले जातात. लढणाऱ्यांनीही शहाणपण एकाच ठिकाणाहून घेतले होते.

रहीम यांनी बऱ्हाणपुरात हमामही बांधविला. हमामाच्या रचनेत पाणी तापविणाऱ्या भट्टीचा धूर सरळ बाहेर सोडत नाहीत. तो फरशीखालून आणि भिंतीतील पोकळ्यांतून फिरवून मग धुराड्याकडे नेतात. आपल्या घरच्या तांब्याच्या बंबातही मधल्या नळीतील धूर भोवतालचे पाणी तापवतो. कोळशावरील वीजकेंद्रात निम्म्याहून अधिक उष्णता विजेत न उतरता वाया जाते. म्हणून बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या वाटेवर नळ्या बसवून आत जाणारे पाणी आधी तापवून घेतात. सिमेंट व पोलाद कारखान्यांतील भट्ट्यांच्या उष्ण वायूंवर वीजही निर्माण करतात. यंत्रे बदलली, पण तत्त्व तेच राहिले.

रहीम यांची अखेर मात्र दुःखाची झाली. पुत्र शाहनवाजखान १६१९ मध्ये वारला. त्याची कबर बऱ्हाणपुरातच आहे. शाहजादा खुर्रमच्या बंडात दुसरा पुत्र दाराबखान मारला गेला आणि स्वतः रहीम यांना कैद सोसावी लागली. १६२७ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. पुढे अठराव्या शतकात त्यांच्या मकबऱ्याचे संगमरवरी दगड सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी काढून नेण्यात आले.

दगड नेता आले, उतार कोणाला नेता आला नाही. पण तो निकामी करता येतो. चुन्याचे थर साचून भुयारे अरुंद होतात आणि जागोजाग खोदलेल्या कूपनलिका त्यांचे पाणी तोडतात. मग फुकट वाहणारे पाणी सोडून आपण वीज जाळून खोलवरचे पाणी वर ओढू लागतो. नवी वीज निर्माण करण्यापूर्वी हाताशी असलेला उतार आणि धुराड्यातून जाणारी उष्णता यांचा हिशेब मांडावा, एवढा धडा विद्यार्थ्यांनी रहीम यांच्या बऱ्हाणपुराकडून घेतला तरी पुष्कळ झाले.