शांता आपटे : पडद्यावरचा आणि पडद्याबाहेरचा नकार

मराठीतील कौटुंबिक चित्रपटाचा अभ्यास करताना अभिनेत्री शांता आपटे (१९१६–१९६४) यांचे चरित्र आपण आवर्जून समजून घ्यावे. पंढरपूर येथे संगीताचे शिक्षण घेतलेल्या शांताबाईंनी १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’द्वारे चित्रपटात पदार्पण केले. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’ने (१९३४) त्यांना गायिका-अभिनेत्री म्हणून ख्याती मिळवून दिली.

त्यांची सर्वांत महत्त्वाची भूमिका म्हणजे व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’मधील (१९३७) नीरा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. पोरक्या नीराचा मामा पैशाच्या लोभाने, तिला फसवून, काकासाहेब या वयोवृद्ध विधुर वकिलाशी तिचा विवाह लावून देतो. सासरी तरुण सावत्र मुलगा तिच्याशी लगट करू पाहतो. अशा रीतीने पाठीशी उभे राहावयाचे तेच आप्त विश्वासघात करतात आणि नात्याची मर्यादाही ओलांडली जाते. नीरा मात्र दैवाला दोष देत बसत नाही. हे पत्नीपद ती मनाने आणि देहाने नाकारते. समाजकार्य करणारी सावत्र मुलगी सुशीला तिची बाजू घेते. अखेर काकासाहेबांना आपल्या हातून घडलेल्या अन्यायाची जाणीव होते आणि त्यांच्या आत्मघाताने कथेचा शोकान्त होतो.

येथे एक बाब ध्यानात घ्या. ‘कुंकू’मध्ये भव्य देखाव्यांचा आधार नाही, पार्श्वसंगीतही वगळून प्रसंगातील स्वाभाविक ध्वनींवरच भर दिलेला आहे. त्यामुळे कथेचा मोठा भार शांताबाईंच्या मुद्रेवर आणि स्वरावर पडतो, आणि तो त्या समर्थपणे पेलतात.

हा बाणेदारपणा पडद्यापुरता नव्हता. १९३९ मध्ये कराराच्या वादातून त्यांनी प्रभातच्या प्रवेशद्वारासमोर उपोषण केले. नीराची भूमिका ज्या संस्थेने दिली, तिच्याच दारात त्यांनी आपला हक्क मागितला. १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्यांनी चित्रव्यवसायातील व्यवहारांची चिकित्सा केली. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’मध्येही त्यांनी भूमिका केली.

नीराचा नकार विवाहातील सक्तीला होता, शांताबाईंचा कराराच्या जाचाला. संमतीवाचून लादलेले बंधन दोघींनाही अमान्य होते. म्हणूनच हे चरित्र केवळ एका तारकेचे राहत नाही.

विचार करा : आपण पुण्यात राहत असा किंवा यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावात, आपल्या परिसरात विवाह ठरवताना मुलीचे मत कितपत विचारले जाते? ‘कुंकू’च्या संदर्भात आपले निरीक्षण दहा ओळींत लिहा.