देनी गोतिए

देनी गोतिए (मृत्यू : इ.स. १६७२, पॅरिस) हे सतराव्या शतकातील फ्रेंच ल्यूटवादक व रचनाकार होते. ल्यूट हे फुगीर पाठीचे, पडदे असलेले तंतुवाद्य असून त्या काळी फ्रान्सच्या उच्चभ्रू समाजात त्यास मोठी प्रतिष्ठा होती.

जीवन

गोतिए यांचे वास्तव्य मुख्यतः पॅरिसमध्ये होते. त्यांचे ज्येष्ठ चुलतबंधू एनमों गोतिए हे राणी मारी द मेदिची हिच्या सेवेत होते. देनी यांनी मात्र राजदरबारी पद भूषविले नाही. त्यांची कीर्ती खासगी दिवाणखान्यांतील मैफलींतून पसरली. दोघेही नामवंत वादक असल्यामुळे एनमों 'थोरले' व देनी 'धाकटे' गोतिए म्हणून ओळखले जात.

हस्तलिखित

देनी यांचे नाव मुख्यतः 'ला रेतोरिक दे दिय' (देवांचे वक्तृत्व) या हस्तलिखितामुळे टिकून आहे. आन द शांब्रे या संगीतप्रेमी गृहस्थांनी ते इ.स. १६५२च्या सुमारास तयार करवून घेतले. त्यातील रचनांची मांडणी प्राचीन ग्रीक नावांच्या स्वरपद्धतींनुसार आहे. चित्रांच्या कामात आब्राम बॉस, अस्ताश ल स्युअर व रोबेर नांतय या कलावंतांचा सहभाग होता. इ.स. १८८२मध्ये हॅमिल्टन संग्रहाबरोबर हे हस्तलिखित बर्लिनला गेले. संगीत-अभ्यासक आंद्रे तेसिए यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते संपादून प्रसिद्ध केले.

कर्तृत्वाचा प्रश्न

जुन्या संग्रहांत पुष्कळदा रचनेवर केवळ 'गोतिए' एवढेच लिहिलेले असते. एकच रचना एका संग्रहात थोरल्यांच्या, तर दुसऱ्यात धाकट्यांच्या नावे आढळते. त्यामुळे विविध प्रती ताडून पाहणे हे संशोधकांचे प्रमुख काम ठरते. ल्यूटच्या लिपीत रेषा तारा दर्शवितात व अक्षरे पडदे. बोट कोठे ठेवावे हे त्यावरून कळते. परंतु प्रत्येक स्वर किती काळ घुमत ठेवावा हे स्पष्ट होत नाही. म्हणून रचनाकाराच्या शैलीवरून निर्णय करणेही अवघड जाते.

देनी यांनी इ.स. १६६९च्या सुमारास आपल्या रचनांचे पुस्तक छापले. त्यांच्या पश्चात त्यांची पत्नी व मोंतार्सी यांनी पूर्ण केलेल्या दुसऱ्या पुस्तकाच्या शीर्षकात दोन्ही बंधूंचा निर्देश आहे. कर्तृत्वनिश्चितीसाठी ही छापील पुस्तके महत्त्वाचा आधार मानली जातात.

प्रभाव

स्वरसमूह एकदम न छेडता त्यातील स्वर सुटेसुटे वाजविण्याची फ्रेंच ल्यूटवादकांची शैली पुढे हार्पसिकॉर्डच्या रचनाकारांनीही स्वीकारली. दिवंगत वादक लांक्लो यांच्या स्मरणार्थ गोतिए यांनी केलेली शोकरचना प्रसिद्ध आहे.