पडद्यावर रोहिदास मरत होता, त्याची खरी आई पांढरी चादर धरून उन्हात उभी होती!

त्र्यंबकेश्वर म्हटलं की आपल्याला ज्योतिर्लिंग आठवतं, ब्रह्मगिरी आठवतो, कुशावर्त आठवतं आणि संत निवृत्तीनाथांची समाधी आठवते. सिनेमाची आवड असेल, तर आणखी एक नाव आठवतं. ३० एप्रिल १८७० रोजी याच गावात धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. हेच पुढे दादासाहेब फाळके झाले, भारतीय चित्रपटाचे जनक.

जनक म्हणजे वडील. मग भारतीय सिनेमाची आई कोण?

या प्रश्नाचं उत्तर आहे सरस्वतीबाई फाळके, दादासाहेबांच्या पत्नी.

दादासाहेबांचं हे दुसरं लग्न. त्यांचे वडील त्र्यंबकेश्वरचे शास्त्री. पुढे त्यांना मुंबईत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब तिकडे गेलं. धुंडिराज चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले आणि गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. पण १९०० च्या प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेलं. १९०२ मध्ये करंदीकरांच्या घरातली मुलगी फाळक्यांच्या घरात आली आणि तिचं नाव सरस्वती ठेवलं गेलं.

नवरा सतत काहीतरी नवीन करणारा होता. फोटोग्राफी झाली, पुरातत्त्व खात्यातली नोकरी झाली, छापखाना झाला. छापखान्यातल्या भागीदाराशी पटलं नाही, म्हणून तोही सोडला. घरात लहान मुलं आणि हातात काम नाही, अशा परिस्थितीत १९११ साल उजाडलं.

त्या वर्षी ईस्टरच्या सुमारास दादासाहेब मोठा मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावात हलती चित्रं बघायला गेले. पडद्यावर प्राणी चालताना बघून पोरगं घरी धावत आलं आणि त्यानं आईला सगळं सांगितलं. घरात कुणाचाच विश्वास बसेना. मग दुसऱ्या दिवशी दादासाहेब सगळ्यांना घेऊन गेले. त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट लागला होता. तो बघताना दादासाहेबांना पडद्यावर राम आणि कृष्ण दिसू लागले.

त्यानंतर घराचं चित्रच बदललं. दादासाहेब महिनोन्‌महिने रोज चित्रपट बघायचे आणि रात्र रात्र प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांना दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र व इतर सामान घेऊन आले. पुढे पैसे कमी पडले, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

दागिने देणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ झाल्या. सरस्वतीबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या कामाला लागल्या.

दादर इथल्या राहत्या घरीच स्टुडिओ थाटला गेला. तेव्हा येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची. भोकं नसतील तर फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकणार नाही. म्हणून अंधाऱ्या खोलीत बसून यंत्रावर ती पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई करायच्या.

हे काम किती मोठं होतं? आपणच हिशेब करू. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. म्हणजे एका फुटाला १२८ भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी साधारण ३,७०० फूट. फक्त तेवढ्याच फिल्मचा हिशेब केला, तरी आकडा पावणेपाच लाखांच्या जवळ जातो!

शिवाय फिल्म धुण्यासाठी रसायनं कालवायची, कॅमेऱ्यात फिल्म भरायची, जोडकामाला मदत करायची. त्या दादासाहेबांकडून हे सगळं शिकल्या. चित्रीकरण चालू असताना साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच करायच्या. मुलांचं सगळं बघायचं ते वेगळंच. रात्री सगळ्यांची जेवणं आवरली की त्या फिल्मचं काम घेऊन बसायच्या.

आता ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट आठवा. तारामतीचा मुलगा रोहिदास मरतो आणि ती त्याला घेऊन स्मशानात येते. त्या काळी बाई सिनेमात काम करायला तयार होत नव्हती. तारामती सरस्वतीबाईंनी करावी, असं दादासाहेबांनी सुचवलं होतं, असं सांगितलं जातं. पण त्या पडद्यावर गेल्या, तर पडद्यामागचं सगळं कोण बघणार? त्यांनी नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून तारामती झाले.

आणि रोहिदास झाला भालचंद्र, सरस्वतीबाईंचा मुलगा.

म्हणजे पडद्यावर ज्याच्यासाठी तारामती रडत होती, त्याची खरी आई पडद्याबाहेर होती. तेव्हा आजच्यासारखे दिवे नव्हते, सगळं चित्रीकरण उन्हात व्हायचं. कलाकारांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरावी लागे. ती धरून सरस्वतीबाई तासन्‌तास उन्हात उभ्या राहायच्या.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला आणि इतिहास घडला. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले. पुढे मुलगी मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

चांगले दिवस मात्र टिकले नाहीत. कंपनीतल्या भागीदारांशी मतभेद झाले, तेव्हा दादासाहेब सगळं सोडून कुटुंबासह काशीला गेले. तिथून परतले आणि पुन्हा चित्रपट केले. मग बोलपट आला आणि मूकपटांचा जमाना संपला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळपास विसरली होती.

देशानं ही चूक नंतर सुधारली. १९६९ पासून दादासाहेबांच्या नावानं सिनेमातला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. सरस्वतीबाईंचं नाव मात्र अनेकांना कळलं ते परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे. त्यात विभावरी देशपांडे यांनी त्यांची भूमिका केली होती.

सरस्वतीबाईंना नुसतं त्यागी पत्नी किंवा प्रेमळ आई म्हणून मोकळं होता येणार नाही. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, जोडणं, उजेड सांभाळणं या कामांना आज पदं आहेत आणि पडद्यावर नावं येतात. सरस्वतीबाईंनी ही कामं केली तेव्हा ती घरकामातच मोजली गेली. त्या भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक होत्या.

त्र्यंबकेश्वरला गेलात, तर दादासाहेबांची आठवण जरूर काढा. आणि पुढच्या वेळी सिनेमा संपल्यावर नावांची यादी सुरू झाली की लगेच उठू नका. चादर धरून उभ्या राहणाऱ्यांची नावं त्यातच असतात.