फूरिये यांची पंधरा वर्षे

१८०७ च्या डिसेंबरात पॅरिसच्या विज्ञानसंस्थेपुढे उष्णतेच्या वहनावरील एक प्रबंध आला. लेखक जोसेफ फूरिये त्या वेळी ग्रेनोबल येथे इझेर प्रांताचे प्रशासक होते. रस्ते, दलदलींचा निचरा, सरकारी पत्रव्यवहार यांतून उरलेला वेळ त्यांनी गणिताला दिला होता. कोणतीही वक्ररेषा, मग ती कितीही कोनदार असो, साध्या साइन तरंगांच्या बेरजेतून उभी करता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. परीक्षकांतील ज्येष्ठ गणिती लाग्रांज यांना ते मुळीच पटले नाही. प्रबंध छापला गेला नाही.

विपरीत काळाची फूरिये यांना सवय होती. २१ मार्च १७६८ रोजी ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी ते जन्मले आणि लहानपणीच पोरके झाले. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत त्यांना अटक झाली. रोबेस्पिएरची सत्ता कोसळल्यावर ते सुटले. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर ते इजिप्तला गेले.

प्रबंध सुधारून त्यांनी संस्थेच्या स्पर्धेसाठी पाठवला. १८१२ मध्ये पारितोषिक मिळाले, पण काटेकोरपणा उणा असल्याच्या ताशेऱ्यांसह. हे ताशेरे अगदीच निराधार नव्हते. भक्कम सिद्धता डिरिक्ले यांनी १८२९ मध्ये दिली. मात्र उष्णतेवरील ग्रंथ छापून यायला १८२२ साल उजाडले, ही दिरंगाई क्षम्य म्हणता येत नाही. १६ मे १८३० रोजी पॅरिस येथे फूरिये यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीची खरी अडचण पुढे वेगळ्याच ठिकाणी जाणवली. फूरिये यांचे तरंग अनादि आणि अनंत असतात. भोंग्याचा स्वर चढत जातो, तेव्हाही त्या तरंगांची बेरीज मूळ ध्वनी अचूक उभा करते. कोणती वारंवारता किती प्रमाणात आहे, हेही समजते. परंतु ती नेमकी केव्हा आली, ही माहिती तरंगांच्या कलांमध्ये दडून राहते. डेनिस गाबोर यांनी १९४६ मध्ये संदेशाचे लहान लहान तुकडे करून विश्लेषण करण्याचा मार्ग दाखवला. त्याची किंमतही ठरलेली आहे : तुकडा जितका आखूड, तितकी वारंवारता धूसर.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा संदेश टिपला. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात त्याची वारंवारता सुमारे ३५ वरून २५० हर्ट्झवर गेली होती. असे चढत्या वारंवारतेचे संदेश गोंगाटातून वेगळे काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकातच काम केले होते. तेथील गणित फूरिये रूपांतराच्याच आधारे चालते.