टिकून राहणारे विजय हजारे

भारतातील राज्यसंघांमध्ये दरवर्षी एकदिवसीय क्रिकेटची एक मोठी स्पर्धा होते. तिचे नाव विजय हजारे करंडक. हे नाव वर्तमानपत्रात आपण वाचतो, पण ते कोणाचे, हे आपल्या मुलामुलींना ठाऊक असतेच असे नाही. म्हणून या मराठी ख्रिस्ती खेळाडूची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर आणि घरात आठ भावंडे. स्वभावाने विजय लाजाळू व अबोल होते. पुढे ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९४० साली पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक होते.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांचे वेगवेगळे संघ असत. ख्रिस्ती, ज्यू वगैरे उरलेल्यांचा पाचवा संघ, त्याचे नावच ‘रेस्ट’, म्हणजे बाकीचे! धर्मावरून संघ पाडणे गांधीजींना मान्य नव्हते आणि १९४६ नंतर हे सामने बंद झाले, ते योग्यच झाले. पण याच मैदानावर हजारे यांच्या खेळाचा खरा गुण लोकांना दिसला.

१९४३ च्या अंतिम सामन्यात ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांचा डोंगर रचला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला व फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या! त्यांचे बंधू विवेक यांच्यासह त्यांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावा जोडल्या. त्या भागीदारीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा होता. सामना रेस्ट संघाने एक डाव आणि ६१ धावांनी गमावला, तरी लोकांच्या लक्षात राहिले ते हे दोघे भाऊ. आम्हाला विवेक यांच्या त्या २१ धावांचेही मोठे अप्रूप वाटते. दुसऱ्याचा पराक्रम घडावा म्हणून एका बाजूला उभे राहणे सोपे नसते.

महायुद्धामुळे हजारे यांची उमेदीची वर्षे कसोटी सामन्यांविना गेली. पहिली कसोटी ते १९४६ साली इंग्लंडमध्ये खेळले, तेव्हा वय होते ३१. पुढच्याच वर्षी रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्यासाठी त्यांनी २८८ धावा केल्या. गुल महंमद यांच्यासोबतची त्यांची ५७७ धावांची भागीदारी २००६ पर्यंत जागतिक विक्रम म्हणून टिकली. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. लिंडवॉल आणि मिलर यांच्या तुफानी माऱ्यासमोर हजारे यांनी एका डावात ११६, तर दुसऱ्यात १४५ धावा काढल्या. एका कसोटीत दोन्ही डावांत शतके करणारे ते पहिले भारतीय. तो सामनाही भारत हरलाच. त्या मालिकेत हजारे यांनी डॉन ब्रॅडमन यांचा त्रिफळा दोनदा उडवला, हेही सांगायला हवे.

१९५१ मध्ये त्यांच्याकडे भारताचे कर्णधारपद आले. १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रास येथे भारताने इंग्लंडवर एक डाव आणि ८ धावांनी मात केली. विनू मांकड यांनी १२ बळी घेतले. पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी शतके ठोकली. वीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळालेला भारताचा हा पहिलाच कसोटी विजय होता. त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात मात्र लीड्सला दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना भारताचे चार गडी बाद झाले. अशा वेळी कर्णधाराने ५६ धावा करून संघाची लाज राखली. त्यांनी १४ कसोटींत नेतृत्व केले, त्यांपैकी एकच जिंकली. नेतृत्वाच्या भाराने त्यांच्या फलंदाजीचे नुकसान झाले, असे मर्चंट यांचे मत होते. पण १९५२ च्या अखेरीस पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत लाला अमरनाथ कर्णधार झाले, तेव्हा हजारे त्यांच्या हाताखाली निमूटपणे खेळले आणि मुंबईत नाबाद १४६ धावा केल्या.

३० कसोटींत २१९२ धावा व सात शतके, प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १८,७४० धावा आणि ५९५ बळी, असा त्यांचा हिशेब आहे. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. दीर्घ आजारानंतर १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदा येथे, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते निवर्तले.

आपल्या घरांतही परीक्षेत, धंद्यात, शेतीत अपयश येते. सामना हातचा गेला आहे हे दिसत असूनही आपला डाव नीट खेळून काढणारा हा सांगलीचा माणूस अशा वेळी आपण मुलांना आठवून द्यावा, असे आम्हाला वाटते.